हात वर करा

तपासनीसबाईंना घरीदारी सगळे तपासनीसबाईच म्हणत, पाठीमागे सख्खा भाऊसुद्धा. कुठला अभ्यासक्रम कामाचा आणि कुठला बिनकामाचा हे ठरवायचं त्यांचं काम. एकदा त्यांनी ठरवलं की ब्रह्मदेव खाली उतरला तरी बदल नाही.

पद्धत त्यांची स्वतःची, आणि तिचा केवढा तो तोरा! वर्गाच्या शेवटच्या दिवशी जायचं. त्या दिवशी कुणी दांडी मारत नाही. टेबलावर प्रमाणपत्रांची चळत, शेजारी संस्थेचे चालक, आणि समोर बाई. "रुग्णाची कूस बदलायला शिकलात? हात वर करा." सगळे हात वर. "अंग पुसायला? हात वर करा." पुन्हा सगळे. झालं, शेरा उत्तम! अहो, प्रमाणपत्र नाकासमोर ठेवल्यावर हात खाली ठेवील कोण? पण हे बाईंना कुणी विचारलं नाही, आणि स्वतःला विचारतील तर त्या बाई कसल्या!

मग त्यांची आई पडली. खुब्याचं हाड मोडलं आणि म्हातारी अंथरुणाला खिळली. रुग्णसेवेच्या ज्या वर्गाला बाईंनी पहिला नंबर दिला होता, त्यातलीच एक सेविका त्यांनी घरी आणली.

"ताई, कुणी मुरलेली बघूया का?" भाऊ म्हणाला.

"का? माझ्या तपासणीवर भरवसा नाही तुझा?"

भावानं विषय तिथंच सोडला. ताईशी वाद घालून आजवर कुणाचं भलं झालं होतं!

सेविका दोन लेकरांची आई, स्वभावानं गरीब गाय. पाठांतर मात्र चोख. बाई रोज सकाळी चपला घालता घालता दारातूनच ओरडत, "आई, बरं आहे ना?" आतून उत्तर येई, "बरं आहे गं, जा तू."

महिनाभरात खोलीला वास मारायला लागला. सुट्टीच्या दिवशी चादर बदलायला म्हणून बाईंनी आईला कुशीवर घेतलं आणि त्यांच्या पायाखालची जमीनच सरकली. माकडहाडापाशी वाटीएवढी जखम, आतलं मांस दिसत होतं.

"कूस बदलायला शिकला होतात ना तुम्ही?" बाई किंचाळल्या.

सेविका रडायलाच लागली. "बाहुलीवर शिकलो, बाई. प्लास्टिकची. एका हातानं वळायची. आजींना वळवायला गेलं की त्या कळवळतात. मला भीती वाटते."

"मग त्या दिवशी हात कशाला वर केलात?"

"सगळ्यांनीच केला. चालकसाहेब शेजारी बसलेले. नाही म्हटलं असतं, तर प्रमाणपत्र मिळालं असतं का मला?"

बाईंना असा संताप आला की कुणाला फाडून खाऊ नि कुणाला नको. तो त्यांनी काढला आईवर. "आणि तू गं? रोज विचारत होते ना मी? सांगायला काय झालं होतं?"

म्हातारीनं भिंतीकडे तोंड केलं. "तू विचारायचीस तेव्हा तुझा एक पाय दाराबाहेर असायचा. बसून कधी विचारलंस?"

डॉक्टर येऊन जखम साफ करून गेले. या वयात ती भरेलसं वाटत नाही, असं ते जाताना भावाला हळूच म्हणाले, आणि बाईंनी ते ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी चपला घातल्याच नाहीत. खुर्ची ओढून पलंगाशी बसल्या, आईचा हात हातात घेतला.

"आई, खूप दुखतंय का गं?"

"छे, कुठं काय," आई म्हणाली. "बरं आहे. जा तू."