दोन काचांचा सांधा

संशोधनसंस्थेच्या तळमजल्यावरील काचशाळेत जो गृहस्थ पस्तीस वर्षे ज्योतीसमोर बसला, त्याला सारे तोंडावर ‘मास्तर’ म्हणत आणि पाठीमागे ‘दुर्वास’. दोन्ही नावे त्याने स्वकष्टाने संपादन केली होती. वर प्रयोग करणाऱ्या विद्वानांना जी पात्रे, नळ्या आणि चंबू बाजारात मिळत नसत, ती तो स्वतःच्या श्वासाने फुंकून देई. मात्र ती मागायला जाणाऱ्याला दोन गोष्टी बरोबर न्याव्या लागत, नीट काढलेली आकृती आणि निबर कातडी. एकदा एका तरुण शास्त्रज्ञाने आतून बाहेरून सांधताच येणार नाही असा चंबू रेखाटून आणला, तेव्हा मास्तरांनी तो कागद त्याच्याच खिशात कोंबून सांगितले होते, “कागदावर गाढवालाही पंख काढता येतात. उडवायचं मला आहे!”

हा राग पोकळ नव्हता, हे न्यायाने सांगितले पाहिजे. काच या पदार्थाविषयी त्यांच्या मनात एक गाढ आदरभाव होता आणि तो आदर न बाळगणारा मनुष्य त्यांना अक्षरशः सहन होत नसे. ते म्हणत, बर्फाचे पाणी होण्याचा एक ठराविक क्षण असतो; शिशाचा रस होण्याचाही असतो. काचेला तसा क्षण नाही. ती आधी आपला ताठा सोडते, मग नमते, मग मधासारखी ओघळते, आणि या साऱ्या अवस्था एकमेकींत इतक्या हलकेच मिसळतात की त्यांच्या सीमा डोळ्यांना नव्हे, बोटांना कळतात. त्यातही प्रत्येक काचेचा स्वभाव वेगळा. खिडकीची साधी काच सातशे अंशांच्या आसपास मान टाकते आणि ज्योत पिवळीजर्द करून सोडते. प्रयोगशाळेची काच आठशेच्या वर वीस-पंचवीस अंश चढल्याशिवाय दाद देत नाही. क्वार्ट्‌झ तर सोळाशेच्याही पुढचे. साध्या ज्योतीत तासभर धरले तरी ते लाल होऊन स्वस्थ बसते.

ही झाली दुरून ओळखू येणारी मंडळी. खरा धोका औषधाच्या कुप्यांच्या काचेचा. ती दिसायला हुबेहूब प्रयोगशाळेच्या काचेसारखी; फक्त तीस-चाळीस अंश आधी नमते आणि निवताना थोडी अधिक आकसते. अशा दोन काचा जोडल्या तर सांधा सुंदर जमतो. दोन दिवस, चार दिवस, आठ दिवस तो हसतमुखाने उभा राहतो. आणि मग एखाद्या दिवशी, आत उकळते रसायन असताना, दगा देतो.

म्हणून मास्तरांचा दंडक होता. कुप्यांच्या काचेच्या प्रत्येक नळीच्या दोन्ही टोकांना लाल रंग लावायचा, आणि तरीही शंका आली तर धागा ओढायचा. दोन्ही काचांच्या कपच्या शेजारी शेजारी चिकटवून तापवायच्या आणि चिमट्याने ओढून केसासारखा तंतू काढायचा. निवल्यावर तो सरळ राहिला तर दोन्ही काचा एकाच कुळातल्या. वाकला तर परक्या.

हा दंडक त्यांनी आपल्या भाचीलाही शिकवला होता. ती त्यांच्या दिवंगत बहिणीची मुलगी. सहा वर्षे मामाच्या शेजारच्या बर्नरवर बसून तिने ही विद्या आत्मसात केली होती. मास्तरांच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते, आणि त्यांची जागा भाचीला मिळावी ही त्यांची एकच इच्छा शिल्लक होती. तिची नेमणूक अद्याप मुदतीची होती. ती कायम करायची की संपवायची, हे वरच्या लोकांनी ठरवायचे होते.

एके सकाळी कार्यालयाच्या व्यवस्थापकाने जिन्यात मास्तरांना गाठून म्हटले, “तुमच्या भाचीचं बघतोय आम्ही. पण काय आहे, मास्तर, दिवसभर फुंकायचं काम. बाईमाणसाच्या छातीत तेवढा दम असतो का, अशी एक शंका निघाली.”

“शंका कोणाच्या छातीतून निघाली?” मास्तर गरजले. “त्याला खाली पाठवा. एक लिटरचा चंबू फुंकून दाखवू दे, मग बोलू!”

तळपायाची आग मस्तकात घेऊनच ते काचशाळेत शिरले. भाची एका उंच ऊर्ध्वपातन-स्तंभाला आडवी नळी जोडत होती. कामाच्या चिठ्ठीवर तिचे नाव होते आणि तिसऱ्या मजल्यावरची संशोधिका त्याच दिवशी काम मागत होती. तरी भाची मध्येच थांबली होती.

“इतका वेळ? इतका? हेच बघायला ते टपून बसलेत!”

“मामा, ही नळी जरा लवकर नमतेय असं वाटतंय. धागा ओढून बघते.”

“धागे ओढायला आपण गोधड्या शिवतोय का? टोकाला लाल रंग आहे? नाही ना? सर बाजूला. दे इकडे!”

त्यांनी तिच्या हातातून काम हिसकावले, जांभळा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि चार मिनिटांत सांधा करून दाखवला. तो दृष्ट लागण्यासारखा झाला.  भाचीने स्तंभ निववण्याच्या भट्टीत ठेवला आणि संध्याकाळी वर पोचवला.

आठव्या दिवशी तो सांधा तडकला. उकळता द्रव संशोधिकेच्या उजव्या मनगटावर सांडला आणि तिचा हात बोटांपासून कोपराच्या अलीकडेपर्यंत भाजला. दुसऱ्या दिवशी भाचीच्या हातात पत्र पडले: सांधा सदोष होता, बुधवारी चौकशी, तोवर बर्नरला हात लावू नये, नेमणूक पुढे चालू ठेवण्याबाबत निर्णय त्याच बैठकीत.

मास्तरांनी पत्र दोनदा वाचले आणि तडक भांडारात गेले. तिथल्या भांडारपालाला सारी संस्था ‘टापटीप’ म्हणे. तीन महिन्यांपूर्वीच रुजू झालेल्या या सद्गृहस्थाने साऱ्या नळ्या जाडीनुसार लावल्या होत्या, बारीक डावीकडे, जाड उजवीकडे. मांडणी एखाद्या संग्रहालयासारखी झळकत होती.

“लाल टोकांच्या नळ्या कुठायत?”

“लाल?” टापटीप अभिमानाने हसला. “ते डाग होते हो, मास्तर. सगळे स्पिरिटनं पुसले. पाच दिवस लागले मला!”

“पाच दिवस! पाच दिवस राबून तू दोन जातींच्या काचा एकत्र कालवल्यास? अरे, एवढ्या कष्टात माणूस शहाणा झाला असता!”

“सारख्याच तर दिसतात. मला कोणी सांगितलं होतं का?”

“भिंतीवर कागद होता!”

“तो मळला होता,” टापटीप म्हणाला, आणि मास्तरांचा आवाज दोन मजले वर ऐकू गेला.

त्या रात्री ते भाचीसोबत जेवायला बसले. टापटीप, व्यवस्थापक, प्रमुख, साऱ्यांचा त्यांनी उद्धार केला. भाची मान खाली घालून जेवत होती. एकदा ती म्हणाली, “मामा, त्या दिवशी तुम्ही...”

“त्या दिवशी काय झालं ते मला शिकवू नकोस! बुधवारी तू तोंड उघडायचं नाहीस. मी बघतो एकेकाकडे.”

पुढचे सहाही दिवस ते असेच धुमसत राहिले. त्या क्रोधात त्यांना जगातल्या प्रत्येकाचा अपराध स्पष्ट दिसत होता.

बुधवारी संस्थेचे प्रमुख, व्यवस्थापक आणि रसायन विभागाच्या वडीलधाऱ्या बाई असे तिघे बसले. मास्तरांनी त्यांना खुर्च्यांवरून उठवून खाली काचशाळेत नेले. “कागदावर काचेचा न्याय होत नाही. ज्योतीसमोर चला.” भाची दाराशी उभी राहिली.

त्यांनी फुटक्या स्तंभातून सांध्याच्या दोन्ही बाजूंची एकेक कपची घेतली, चिकटवली, तापवली आणि हातभर लांबीचा धागा ओढला. क्षणभर तो सरळ होता. मग निवता निवता आपोआप वळू लागला आणि गळासारखा वाकून राहिला.

“बघा!” मास्तरांनी धागा तिघांपुढे धरला. “ही बाजू प्रयोगशाळेची काच, ही कुप्यांची. तुमच्या त्या टापटिपीनं खुणा पुसल्या, आणि फासावर कोण? माझी भाची! लाज वाटायला हवी!”

प्रमुखांनी मान खाली घातली.  रसायनवाल्या बाईंनी तो धागा उजेडात धरून पाहिला आणि शांतपणे विचारले, “मास्तर, हे सांधा करताना हाताला कळतं का?”

“कळतं म्हणजे? एक बाजू आधी नमते, दुसरी ताठ राहते. बोटांत मेण असलं तरी कळेल! ज्याला कळत नाही त्यानं बर्नरला हात लावू नये.”

“झालं तर मग,” व्यवस्थापक म्हणाला. “हिला कळलं नाही. आम्ही तरी दुसरं काय म्हणतोय?”

मास्तर गर्रकन भाचीकडे वळले. “सांग त्यांना! गप्प काय उभी राहिलीस?”

ती त्यांच्याकडे पाहत म्हणाली, “कळलं होतं.”

“कळलं होतं, तर जोडलंत कशाला?” व्यवस्थापकाने विचारले.

ती मास्तरांकडेच पाहत राहिली.  तिच्या त्या पाहण्यासमोर उभे असताना मास्तरांना स्वतःचाच आवाज ऐकू आला: धागे ओढायला आपण गोधड्या शिवतोय का? त्यांचा हात बर्नरच्या टेबलाच्या कडेवर आवळला गेला. राग तसाच उसळत होता. फक्त तो जायचा कुठे, हे आता बदलले होते.

“तिनं नाही जोडलं,” ते म्हणाले. “मी जोडलं. ती सांगत होती, धागा ओढते म्हणून. मी तिच्या हातातनं ओढून घेतलं.”

व्यवस्थापक हसला. “मास्तर, मामाचं काळीज समजतं आम्हाला. पण चिठ्ठीवर नाव तिचं आहे.”

“मी खोटं बोलतोय?”

“भाचीसाठी बोलताय, एवढंच.”

पस्तीस वर्षांत या मनुष्यावर कोणी खोटेपणाचा आळ घेतला नव्हता. आणि आता, खरे बोलण्याच्या वेळीच, तो आला. मास्तरांनी दातओठ खाल्ले, फुटका सांधा उचलला आणि बाईंच्या हातात दिला. “यावर बोट फिरवा. पीळ लागतो? डावीकडे?”

“लागतो. अगदी बारीक.”

“माझा उजवा अंगठा तरुणपणी भाजला होता. तो मागे पडतो, डावा हात पुढे धावतो. माझ्या प्रत्येक सांध्यात हा पीळ आहे. कपाटात माझी चाळीस कामं आहेत, चाचपून बघा. आणि हिची वीस आहेत. एकात पीळ सापडला तर मला आत्ता घरी पाठवा.”

बाईंनी कपाट उघडले. त्यांनी घाई केली नाही. एकामागून एक तुकडा घेऊन बोट फिरवत राहिल्या.  शेवटी त्या प्रमुखांना म्हणाल्या, “सांधा मास्तरांचा आहे. मुलीचं पत्र मागे घ्या. आणि नेमणुकीत आता शंका कसली? सांधा करताना ज्याला दोष कळला, असा हात या खोलीत एकच होता.”

तसेच ठरले. भाची कायम झाली. निवृत्तीपर्यंत मास्तरांनी बर्नरवर बसू नये असेही ठरले, आणि टापटिपीला पुसलेल्या खुणा पुन्हा करण्याचा हुकूम मिळाला. तिघे वर गेले.

“बोलायचं होतंस!” मास्तर भाचीवर उसळले.

“बोलले की. एकदा इथं, एकदा जेवताना.”

“मग ओरडायचं!”

“ओरडणारा घरात एक आहे, मामा. तोच पुरे होतो.” तिचा स्वर प्रथमच चढला. “मी वाट पाहिली. माझी नोकरी जात होती, आणि मी वाट पाहत होते, तुम्हाला आठवेल म्हणून. तुम्ही माझ्यासाठी साऱ्या जगाशी भांडलात. मला मात्र एकदाही विचारलं नाहीत.”

मास्तरांनी आपला जांभळा चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“वर जा,” ती म्हणाली. “तिच्या हाताला पट्टी आहे. तिला सांगा.”

“तू येतेस?”

“मला काम आहे,” असे म्हणून तिने चष्मा चढवला.

मास्तर तीन जिने चढून गेले. संशोधिकेने दार डाव्या हाताने उघडले. त्यांनी उभ्याउभ्याच, काहीशा दरडावल्यासारख्या सुरात सांगितले की सांधा त्यांचा होता.  ती कोरडेपणाने म्हणाली, “बसा. अपघाताचा अर्ज भरायचा राहिलाय. मला लिहिता येत नाही. तुम्ही लिहा.”

ती सांगत गेली, ते लिहीत गेले. वेळ, मजला, द्रवाचे नाव. वीस मिनिटे हात पाण्याखाली धरला. तर्जनी अजून पूर्ण मिटत नाही. या ओळीवर त्यांची लेखणी अडली, पण तिने वाक्य पुन्हा उच्चारले आणि त्यांनी ते लिहिले. मग ‘अपघाताचे कारण’ या रकान्यापाशी ती थांबली.

“ते तुम्हीच लिहा.”

त्यांनी लिहिले: काचेची परीक्षा न करता मास्तरांनी घाईत सांधा केला. वाचून पाहिले. मग ‘घाईत’ हा शब्द खोडला, इतक्या जोराने की कागद फाटायचा राहिला, आणि त्याच्या वर लिहिले, ‘रागाच्या भरात’.