राफ्टमधली पुढची जागा
आमच्या बेसा वस्तीतल्या घरी मोठ्या जाऊबाई गॅलरीत लाइफ जॅकेट वाळत घालतात, आणि त्याच्या ओल्या, गाळाच्या वासाने मला कन्हान नदीवरचा तो पहिला दिवस आठवतो. आम्हा बायकांना राफ्टमधून काठाकाठाचं प्लास्टिक गोळा करायचं होतं. पोहता एकट्या मलाच यायचं. पण चढण्याआधी जाऊबाईंनी वाकून पाण्याला नमस्कार केला, आणि तेवढ्यावर आम्हाला राफ्ट चालवायला शिकवणाऱ्या बाईंनी पुढची जागा त्यांना देऊन टाकली. त्यांचं वल्हं बघून मागच्यांनी मारायचं! मी रागाने जोरात मारलं, तशी राफ्ट प्रवाहात आडवी झाली. “हळू मार वं, मी आहो ना समोर,” जाऊबाई म्हणाल्या. आता माझी लेकही राफ्टमधून जाते. काल जाऊबाईंबद्दल म्हणाली, “मोठी आई समोर असली का मले भेव नाही लागत.” पोहायला तिला मी शिकवलंय.