पाठ फिरवण्याचा उपचार

आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी. अमरावतीच्या कॉलेजातून बी.ए. झाले तेव्हा वडिलांनी वस्तीभर गूळ-फुटाणे वाटले. पुढे मी नर्सिंगला गेले, तेव्हा ते फुटाणे खाल्लेल्या एकाने त्यांना विचारलं, "काहून गा, पोरगी बी.ए. होऊन लोकाईचे बेडपॅन उचलते?"

वडील म्हणाले, "उचलते ना. पन बी.ए.वानी उचलते."

बी.ए.वानी म्हणजे कसं, ते मला ठाऊक नव्हतं. शिकवलेलं सगळं खरं मानायचं आणि तंतोतंत करायचं, एवढंच मला येत होतं.

साठ सालानंतरची ही गोष्ट. अकोल्याच्या एका दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात मी नवीन लागले होते. दाराजवळच्या खाटेवर दर्यापूरकडची एक आजी होती, चांगल्या शेतीवाडीच्या घरातली. मुदतीच्या तापातून ती वाचली होती, पण उभं राहायचं बळ उरलं नव्हतं. सदा उताणी पडून माकडहाडावर जखम झाली होती. डॉक्टरांनी तिच्या मुलाला व्हरांड्यात नेऊन सांगितलं, "ही जखम हाडापर्यंत गेली तर म्हातारी घरी येणं कठीण आहे." मी शेजारीच उभी होते. मुलाने डॉक्टरांकडे न बघता माझ्याकडे बघितलं.

करायचं एकच होतं. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठीवर भार येऊ द्यायचा नाही. मी तिला वळवून पाठीशी उशी लावायची. पाणी घेऊन परत येईपर्यंत उशी खाली आणि आजी उताणी.

"मी काय भाकर आहो का व, उलटून-पालटून राहिली मले?"

"आजी, जखम भरायची आहे ना?"

"भरन तिची ते. उतानं असलं की दार दिसते, खिडकी दिसते, कोन आलं कोन गेलं समजते. कुशीवर अर्धाच वॉर्ड!"

पहिल्या दिवशी तिने माझं गाव विचारलं, मग वस्ती विचारली, आणि मग माझ्या हातचं पाणी जरा बेतानेच प्यायली. अर्थ मला कळला. पण वॉर्डात पाणी देणारी मीच आणि दिवस अकोल्याच्या उन्हाळ्याचे, त्यामुळे हा बेत फार टिकला नाही.

अशात शेजारच्या रिकाम्या खाटेवर बडनेऱ्याची एक आजी आली. नवरा रेल्वेतून निवृत्त, दोन्ही मुलं रेल्वेत. पोटरीवरचं गळू कापलेलं. तिने डबा उघडला, वरणाचा वास घेतला आणि शेजारणीचं गाव विचारलं.

"दर्यापूरकडचे का? तिकडं खारं पानी, नाई? डाळ शिजत नसन बाप्पा."

"काहून नाई शिजत? तुमच्या बडनेऱ्यात तर इंजिनाच्या धुरानं भात काळा होते म्हनतात."

"कोन म्हनते?"

"भात म्हनते!"

यावर बडनेऱ्याच्या आजीने पाठ फिरवली. दर्यापूरच्या आजीनेही फणकाऱ्याने दाराकडे कूस घेतली आणि, मी बघतच राहिले, तासभर तशीच पडून राहिली. उशी नाही, काही नाही. मग शेजारी डब्याचं झाकण वाजलं. त्या डब्यात काय आहे हे बघायला ती आपणहून दुसऱ्या कुशीवर आली.

त्या दिवसापासून मी उशी लावणं सोडलं. कूस बदलायची वेळ झाली की दोघींच्या मधे उभं राहून मोठ्याने, अगदी शिकायच्या इच्छेने विचारायचे, "आजी, खाऱ्या पाण्यात डाळ खरंच शिजत नाही का हो?" खोटं एक अक्षर बोलले नाही. वॉर्डच्या मोठ्या सिस्टर फार कडक. त्यांनीच मला माणूस न दुखवता कसं वळवायचं ते शिकवलं होतं, ते उपकार मी विसरले नाही. त्यांना हे कळलं तेव्हा मी घाबरले. त्या खाटांशी थांबल्या आणि सहज म्हणाल्या, "कौंडण्यपूरच्या जत्रेला तुमच्यातलं जास्त वेळा कोण गेलंय?" आणि निघून गेल्या. तेवढं दिवसभर पुरलं.

शेवटी दर्यापूरच्या आजीने डॉक्टरांकडे तक्रार केली. "साहेब, हे बाई बी.ए. हाये म्हनते, पन आग लावून राहिली."

डॉक्टरांनी पट्टी सोडून जखम बघितली. कडेने गुलाबी कातडी धरू लागली होती. हात धुता धुता ते म्हणाले, "सिस्टर, आग विझू देऊ नका."

घात केला तो सुनांनी. एके दुपारी दोघींना शोध लागला की दोघींच्याही सुना वरणात हिंग विसरतात. झालं! त्या एकमेकींकडे तोंड करून पडल्या त्या पडल्याच. मी खाऱ्या पाण्याचा विषय पुन्हा काढून बघितला, तर दोघी मिळून माझ्यावर उलटल्या. "तुले तरी वरन करता येते का व?" दिवसभर एकाच कुशीवर राहून दर्यापूरच्या आजीचा खुबा लाल दिसू लागला, आणि माझी झोप उडाली.

मग मी खाटांचीच अदलाबदल केली. तोंडं समोरासमोर, पण कूस दुसरी. रोज हे करावं लागे. खाटा ओढणारा वॉर्डबॉय विचारायचा, "बाई, ह्या खाटाईले एका जागी करमत नाई का?"

जखम भरली. आजी बसू लागली, मग माझा खांदा धरून मोरीपर्यंत जाऊ लागली. घरी जायच्या दिवशी मुलगा गाठोडं घेऊन आला, तर बडनेऱ्याची आजी पाठ करून पडलेली. बोलेना, वळेना.

"अवं, पाह्य ना इकडं. चालली मी."

तिने पदर डोक्यावर ओढला. तेव्हा दर्यापूरच्या आजीने माझा खांदा सोडला आणि खाटेचा दांडा धरत, एकेक पाय टाकत, खाटेला वळसा घालून तिच्या तोंडासमोर जाऊन उभी राहिली. बडनेऱ्याच्या आजीने डोळे पुसले आणि दुसरीकडे कूस घेतली. ही पुन्हा वळसा घालून इकडे. ती पुन्हा तिकडे.

"माय, मोटार जाईन!" मुलगा म्हणाला.

मी त्याला हाताने गप्प केलं. पायांना व्यायाम चांगला होत होता.