शेवटच्या पानांखालची जमीन

आमच्या गावानं पारध्यांना फसवलं, आणि त्यासाठी माझी जीभ वापरली.

महाराष्ट्र नवा होता. मी मेहकरच्या बाजारात बैलांचे सौदे जुळवून वर आलो होतो. गावाबाहेर पारध्यांची चार पालं होती. चोरी कुठंही होवो, पोलीस आधी तिथं. बायका नाल्यातल्या झिऱ्याचं पाणी भरत. सरपंच म्हणाले, हे वैर मिटवू. एका पंगतीत जेवू, मग गावाची विहीर त्यांना मोकळी. बोलणी करायला मला पाठवलं.

पालावरची म्हातारी हसली. "दलाल हायेस बाप्पा तू. खोडीचा बैलही गरीब म्हणून विकतेस."

"माह्या शब्दावर ये, माय."

मी सरपंचाकडून कबूल करून घेतलं: रांग एक, रोडगे-भाजी एकच, वाढायला गावच्याच बायका. त्यांनी सगळ्याला हो म्हटलं. समोरचा घासाघीस करत नसेल तर जनावर लंगडं असतं, हे मला माहीत होतं. तरी मी गप्प बसलो, कारण पंगतीत मला सरपंचाशेजारी पाट मिळाला होता. पारधी रांगेच्या शेवटी बसले. तिकडे मी मान वळवून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारी घागर घेऊन आली. पंगत बसली होती त्या देवळाच्या अंगणातूनच विहिरीची वाट होती. पंगत उठली की जमीन सारवतात, ती रीतच आहे. पण सगळं अंगण कोरडं होतं. फक्त पारधी बसले होते तेवढाच तुकडा ओला होता.

"सरपंच, एवढंच काऊन सारवलं?" देवळाच्या पायरीवर बसलेल्या सरपंचांवर मी ओरडलो.

"शेण पुरलं नाही."

"घरोघरी ढोरं, अन् शेण पुरलं नाही?"

"तू सौदा केला, तो झाला. आता कायले भांडतेस बे?"

म्हातारी त्या तुकड्याकडे पाहत राहिली. मी म्हटलं, "भर माय पाणी."

"मी घागर बुडवली तं उद्या विहीर उपसतीन," ती म्हणाली आणि रिकामी घागर घेऊन वळली.

तीन दिवसांत पालं उठली. पारावर लोक म्हणाले, "मान देल्ला तरी पळाले. चोरच ते." मी दोघांच्या गचांड्या धरल्या. पण सारवलं कोणी, हे कोणीच सांगितलं नाही. मला सगळ्यांचाच संशय आला, माझ्या घरच्या बायकांचासुद्धा. त्यांनाही विचारलं. त्या चुलीकडे पाहत राहिल्या.

त्या पंगतीत जेवलेले बरेच जण अजून गावात आहेत. ते शेण कोणी कालवलं आणि कोणाच्या सांगण्यावरून? नाव सांगा. पारावर, सगळ्यांसमोर सांगा.