औषध न घेतलेला माणूस

फोन आला तेव्हा मी अकरावीचा तास घेऊन वर्गातून नुकतीच बाहेर पडले होते. काष्टीहून बाळूचा, माझ्या धाकट्या भावाचा फोन होता. "ताई, मिलिंददादा गेला," तो म्हणाला आणि मी काही विचारायच्या आत आवाज खाली आणून, "लोकं म्हंत्यात, औषध घेतलं." ताप आलेला माणूसही औषधच घेतो, पण आमच्या भागात कुणी असा आवाज खाली आणून 'औषध घेतलं' म्हणालं की ते पिकावर फवारायचं औषध असतं. नगरहून दौंड रस्त्याने एसटीत बसले तेव्हा मनात एकच गोष्ट फिरत होती. दादा? ज्याने उभ्या आयुष्यात खोकल्याचं औषधसुद्धा घाबरत घेतलं, तो?

मिलिंददादा माझ्या थोरल्या काकांचा मुलगा. राष्ट्रीय स्पर्धेत त्याने पॉवरलिफ्टिंगचं सुवर्णपदक मिळवलं होतं, तेही एकदा नव्हे. घरी पोचले तेव्हा त्याची बायको, सुनीतावहिनी, कुणाला तरी सांगत होती, "मी म्हणलं च्या ठेवू का, तर ठेव म्हणले. आन् भिताडाला टेकून खाली बसले ते बसलेच..." शवविच्छेदन झालं, डॉक्टरांनी हृदयाचं कारण सांगितलं. बाटली नव्हती, वास नव्हता, भांडण नव्हतं. पण शब्द पुढे निघून गेला होता, आणि संध्याकाळपर्यंत त्याला आणखी एक अर्थ फुटला. नगरच्या व्यायामशाळांमधून आलेली मुलं अंगणात उभी राहून तेच वाक्य बोलत होती, फक्त त्यांच्या तोंडी औषध म्हणजे ताकद वाढवायच्या सुया. "एवढं वजन काय भाकरीवर उचलतंय व्हय कुणी?" एकजण म्हणाला. चितेची लाकडं अजून रचायची होती.

तर भाकरीवरच. दादाचे वडील बाजार समितीत हमाल होते, आणि पाठीवर पोतं कसं घ्यायचं हे दादा त्यांच्याकडे बघून शिकला. श्रीगोंद्याच्या कॉलेजात गेल्यावर तिथल्या गंजक्या सळईला आणि वजनाच्या चकत्यांना त्याने पहिल्यांदा हात लावला. हा खेळ मला त्यानेच समजावून सांगितला. वजन खांद्यावर घेऊन बैठक मारायची, पाठीवर निजून छातीवरून वर ढकलायचं आणि शेवटी जमिनीवरून उचलून ताठ उभं राहायचं. "बास, एवढंच. तुझ्या पुस्तकात जेवढी पानं असत्यात तेवढी आमच्यात भानगड न्हाई," तो म्हणायचा. मला तो 'मास्तरीण' म्हणत असे, मी नोकरीला लागायच्या कितीतरी आधीपासून. "मास्तरीण, एवढं वाचतीस, दंड कधी वाढायचं गं?"

पहिलं सुवर्ण घेऊन तो आला तेव्हा गावाने उघड्या जीपमधून मिरवणूक काढली. चौकातल्या फ्लेक्सवर लिहिलं होतं, 'पैलवान मिलिंद'. एका पुढाऱ्याने हार घालता घालता विचारलं, "फायनलला कोण व्हतं रं समोर?" दादा म्हणाला, "लोखंड, साहेब. चितपट केलं." सगळे हसले. पुढाऱ्याला काही कळलं नाही, तोही हसला. त्यानंतर जितकी पदकं आली तितके सत्कार झाले, आणि घरातल्या लोखंडी कपाटात शालींची इतकी थप्पी साचली की वहिनी त्या पाहुण्यांना पांघरायला देई. नोकरीचं विचारलं की उत्तर ठरलेलं असे, हा खेळ ऑलिम्पिकमध्ये नाही. मग त्याने पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःची व्यायामशाळा काढली, गावातल्या मुलामुलींना शिकवू लागला आणि चाळिशीनंतरही वयस्क गटात खेळत राहिला.

सुयांचा सल्ला त्याला अनेकांनी दिला. बरोबरीची काही मुलं घेत होती, हे तोही जाणून होता. मी एकदा विचारलं, तुला कधी मोह झाला नाही का? तो म्हणाला, "सुई घेऊन उचललं तर मग उचललं कुणी? मी, का सुईनं?" उत्तेजकांची तपासणी त्याच्या वाट्याला वारंवार आली. त्याची गोष्ट तो रंगवून सांगे. लघवीचा नमुना द्यायचा तर एक अधिकारी समोर डोळे लावून उभा राहतो. "मी म्हणलं, साहेब, वजन उचलताना एवढं निरखून बघत नव्हता तुमी!" एकदाही काही सापडलं नाही. या गोष्टीचा त्याला पदकांपेक्षा जास्त अभिमान होता, असं मला वाटतं. सर्दी झाली तरी तो ओव्याची वाफ घ्यायचा, पण मेडिकलमधली गोळी खायचा नाही. कशात काय असेल, कोण सांगणार...

पुढचं मला वहिनीने सांगितलं, तेही सगळं उरकल्यावर. दोन वर्षांपूर्वी त्याला चक्कर आली होती. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला आणि रोजच्या दोन गोळ्या लिहून दिल्या. त्यातली एक लघवी वाढवणारी, पाण्याची गोळी म्हणतात ती. महिनाभर त्याने घेतल्या, बरंही वाटत होतं. मग एका स्पर्धेत कुणीतरी सहज बोलून गेलं की पाण्याची गोळी चालत नाही, तिच्यामुळे दुसरी औषधं लपतात, सापडलास तर बंदी येईल. दादाने घरी येऊन त्या गोळ्या थांबवल्या. दोन्ही. एकीत निघालं तर दुसरीतही असेल, असा त्याचा हिशेब. "मी रोज म्हणायची, आवो, गोळी घ्या," वहिनी सांगत होती. "तर म्हणायचे, एवढी स्पर्धा होऊ दे. ती झाली की दुसरी यायची."

मी नंतर चौकशी केली. डॉक्टरांना सांगितलं असतं तर त्यांनी चालणारी गोळी बदलून दिली असती. नाहीतर रीतसर परवानगीही मागता येते. मोठ्या शहरातल्या खेळाडूंना हे त्यांचे प्रशिक्षक पहिल्याच दिवशी सांगतात. दादाला इतक्या वर्षांत शाली पांघरवायला इतके लोक आले, त्यातल्या एकालाही हे सांगावंसं वाटलं नाही. कदाचित माहीतच नसेल. माहीत नसताना मंचावर बसायला कुणाची हरकत नसते.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारासमोर मंडप होता. वंदना झाली, मग भाषणं सुरू झाली. खेळाच्या संघटनेतले एक पदाधिकारी उठले. दादाचं कौतुक करून झाल्यावर ते मुलांकडे वळले. व्यायामशाळेतली मुलं पुढेच बसली होती. "मिलिंदच्या जाण्यातून तुम्ही एक धडा घ्या," ते म्हणाले. "यश मिळवा, पण औषधांपासून लांब राहा."

वहिनी बायकांमध्ये बसली होती. ती उठून उभी राहिली. तिला माईकची गरज पडली नाही. "माझ्या मालकानं औषध घेतलं न्हाई," ती म्हणाली. "घेतलं असतं तर आज जित्ते असते."

मला वाटलं, आता तरी कुणी काही विचारेल. पण पदाधिकारी म्हणाले, "वहिनी, तुमचं दुःख आम्ही समजू शकतो," आणि सूत्रसंचालकाने पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं. मागे बसलेल्या दोघांचं बोलणं मला ऐकू आलं. "बघ, म्हणजे काहीतरी औषधाचीच भानगड हाय."

व्यायामशाळेत आता मोजकी मुलं येतात. मुलींचं येणं तर त्यांच्या घरच्यांनी पहिल्या आठवड्यातच बंद केलं. गेल्या रविवारी मी काष्टीला गेले तेव्हा दादाच्या मुलीला ताप होता, गोधडी घेऊन ती खाटेवर पडली होती. दादाची आई, माझी मोठी काकू, तिच्या उशाशी बसून डोकं चेपत होती. मुलगी झोपेतून जरा हलली तशी काकूने रोजच्या सवयीने विचारलं, "औषध घेतलं का गं पोरी?"

चुलीपुढे वहिनीचा भाकरी थापणारा हात थांबला. तिने मान वळवली नाही. "आत्या," ती सासूला म्हणाली, "गोळी म्हणा. आपल्या घरात गोळी म्हणायचं."

"व्हय, गोळी," काकू म्हणाली. "गोळी खाल्ली का गं?"