तुराट्यांचा आडोसा

माझं माहेर गोदावरीकाठचं. घरामागं ओढा, ओढ्याला दाट झाडी. बायकांना केव्हाही आडोशाला जाता यायचं, त्यामुळं या गोष्टीचा कधी विचार करावा लागेल असं मला ठाऊकच नव्हतं. तिसरीत शाळा सुटली, लग्न झालं आणि बैलगाडीनं तीन मुक्काम करत मी कनेरगाव नाक्याकडच्या एका गावात आले. तिथं सगळं सपाट काळं रान. पिकं निघाली की नजर पोचेल तिथवर एक झुडूप नाही. पुरुष कुठल्याही बांधाला पाठमोरे उभे राहायचे. बायकांनी मात्र पहाटेच्या अंधारात जायचं, नाहीतर दिवेलागणीनंतर.

थोरल्या जावेनं आल्या आल्या कानमंत्र दिला, "दिवसा पाणी घोटभरच पीत जा. जीभ ओली झाली की बस. व्हईल सवय."

झाली सवय. भाकऱ्या थापताना, शेण भरताना माझी नजर सारखी सूर्य कुठवर आला याच्यावर. कुणी हसवलं तरी मी दाबून हसायची. माहेरची बडबडी पोर मी, इथं शेजारणी म्हणायच्या, "धाकटी लई शांत हाय." कसली शांत! इतक्या वर्षांनी आजही कुठं जायचं असलं की आदल्या संध्याकाळपासून मी पाणी तोडते.

मग गडबडीचं साल आलं. निजामाचं राज्य जाणार अशी बोलवा होती, वाटांवर बंदुका घेतलेली माणसं दिसायची. गावातले पुरुष पारावर बसले आणि ठरवून आले, की अंधार पडल्यावर आणि उजाडायच्या आत बायकांनी उंबरा ओलांडायचा नाही. मामंजी, म्हणजे माझे सासरे, मायाळू माणूस. आमच्या काळजीनंच ते बोलत होते, हे मला तेव्हाही कळत होतं. पण अंधाराच्या त्या दोन वेळा काढून घेतल्या तर आमच्याजवळ उरतं काय, हे पारावर कुणाच्या मनात आलं नाही.

दिवस मावळता मावळता एकीनं लुगडं आडवं धरायचं आणि दुसरीनं उरकायचं, असं आम्ही सुरू केलं. वाटेनं कुणी खोकललं तरी माझं अंग आक्रसायचं, आणि मी तशीच परत यायची.

मला उन्हाळी लागली. लघवीला आग, कमरेत कळा, पुढं हुडहुडी भरून ताप. मी एवढंच सांगितलं, की कंबर दुखते. आदल्या वर्षी मळणीत माझ्या नवऱ्यालाही उन्हाळी लागली होती. त्यांनी ती पारावर मोठ्यानं सांगितली, चौघांनी चार उपाय सुचवले, झाडाखाली बसून त्यांनी घागर संपवली आणि लगेच कामाला लागले. माझं दुखणं मात्र 'बायकांचं कायबाय' ठरलं. हिंगोलीला दवाखाना होता, पण त्या दिवसांत तिथवर न्यायचं कुणी, आणि तिथल्या डॉक्टरपुढं तोंड उघडायचं कुणी? शेजारची एक सून अशाच तापानं गेली होती. आता आपली पाळी, असं मी धरूनच चालले होते.

सासूला आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्यांनी न सांगता ओळखलं. धने-जिरे भिजवलेलं पाणी तांब्याभर माझ्या उशाशी ठेवायच्या. त्यांची पाठ वळली की मी ते गोठ्यात ओतायची. एका दुपारी त्यांनी पकडलंच.

"व्हय गं, औषध म्हशीला पाजून राहिली काय? तिला काय झालंय?"

मला रडू फुटलं. "आत्याबाई, पिऊन जाऊ कुठं?"

रिकामा तांब्या हातात घेऊन त्या उंबऱ्यात बसल्या. म्हणाल्या, "माही उमर गेली पोरी, पण हे मी कुणाला इचारलं न्हाई."

तेव्हा तुरी नुकत्याच बडवून झाल्या होत्या. त्याच सांजेला मामंजी वाळल्या तुराट्यांची गाडी भरून आले. गोठ्याचा कूड, म्हणजे काटक्यांची भिंत, मोडला होता, तो नव्यानं बांधायचा होता. आत्याबाई गाडीला आडव्या आल्या.

"ह्या परसात टाका."

"काहून?"

"सुनेला औषध द्यायचंय."

"तुराट्याचं औषध? कोण्या वैदूनं सांगितलं?"

"मीच सांगून राहिले. बायकायसाठी आडोसा करायचा."

मामंजींना उमगायला वेळ लागला. उमगलं तसे ते इकडंतिकडं पाहू लागले. "घराच्या मागं? लोक काय म्हणतीन?"

"लोकायच्या कमरेत कळा न्हाई येऊन राहिल्या."

"अन् गोठा? जनावरं गारठतीन."

"बराबर हाय. जनावर हंबरतं, म्हणून त्याची तकलीफ तुमाला दिसती. आमी हंबरत न्हाई, म्हणून आमाला काही व्हत न्हाई व्हय?"

जाऊ तोंडात पदर धरून उभी होती. बैल सोडायला आलेला माझा नवरा थांबला. "माय, मला झाल्तं तेच तिला झालंय?"

"तेच."

"मंग सांगितलं काहून न्हाई?"

"तू पारावर सांगितलं. तिनं कोणत्या पारावर सांगावं?"

बैल न सोडता त्यांनी गाडी परसाकडं वळवली. मामंजी पाहत राहिले. अडवलं मात्र नाही.

दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं खड्डा खणला. आत्याबाईंनी आणि जावेनं अंबाडीच्या दोरीनं तुराट्या आवळून डोक्याइतका उंच कूड उभा केला, आत राखेची पाटी ठेवली. वाटेवरनं एकजण ओरडला, "काय वहिनी, महाल बांधून राहिले काय?"

"व्हय," जाऊ म्हणाली, "पण तुमाला दरबारात जागा न्हाई!"

दुपारी आत्याबाईंनी तांब्या आणला. मी भिंतीला धरून बसले आणि सगळा प्यायले. थोड्या वेळानं जावेच्या खांद्यावर हात टाकून परसात गेले. डोक्यावर लख्ख ऊन होतं. आग अशी झाली की डोळ्यांत पाणी आलं, पण घाई नव्हती. बाहेर माणसांचे आवाज येत होते, ते येऊ दिले.

परत आल्यावर मी आपणहून आणखी पाणी मागितलं. आत्याबाईंनी तांब्या भरला, माझ्याकडं पाहिलं, आणि आधी स्वतःच मान वर करून घटाघट प्यायल्या. मग माझ्यासाठी दुसरा भरायला उठल्या.