कवितेचे दात बघणारे डाक्टर

सोनकांबळे डाक्टर कवितेला हात लावायच्या आधी तिचे दात बघायचे. हे मी वाढवून सांगतोय असं वाटेल, कारण वाढवून सांगणं हा माझा धंदाच आहे. नांदेडात माझं फ्लेक्सचं दुकान आहे आणि मिशीही न फुटलेल्या पोराला मी रोज 'लाखो युवकांचे प्रेरणास्थान' करून चौकात टांगतो. पण ही गोष्ट खरी आहे. डाक्टर माणसांचे नव्हेत, जनावरांचे. उभी हयात सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेली, त्यातली निम्मी देवणीत. तिथल्या पशुप्रदर्शनात ते परीक्षक म्हणून मैदानात उतरले की वळू ताठ उभे राहायचे आणि वळूंच्या मालकांचे गुडघे वाकायचे. निवृत्त होऊन लातूरला मुलीच्या शेजारी राहायला आले, आणि कुणाला कशी बुद्धी झाली कोण जाणे, त्यांना आमच्या 'गोदा-मांजरा काव्यकट्टा' या व्हॉट्सॲप ग्रुपवर घातलं गेलं. वळूंचा परीक्षक असा थेट कवींच्या गोठ्यात शिरला.

आमच्या कट्ट्याचा रिवाज सांगतो. सकाळी ॲडमिन कदम सर विषय द्यायचे, दुपारपर्यंत कविता पडायच्या, संध्याकाळी अभिप्राय. ज्याला स्वतःच्या कवितेवर 'वाह' हवी त्याने दुसऱ्यांच्या सगळ्या कवितांवर 'वाह' द्यायची, असा कडक नियम. त्यामुळे कविता वाचायला कुणाला वेळच उरायचा नाही. एकदा कदम सरांच्या हातून चुकून घरच्या विजेच्या बिलाचा फोटो पडला. त्यावरही 'काळजाला भिडलं सर' असे अभिप्राय आले. बिलाचा आकडा पाहता ते खोटं नव्हतं म्हणा. रविवारी उत्कृष्ट कवीला फोटोसकट सन्मानपत्र. ते माझ्याच दुकानात तयार व्हायचं, चौकटीला पानंफुलं लावून.

या सुखी संसारात माझी 'एकाकी' नावाची कविता पडली आणि तिच्यावर फुलांचे गुच्छ बरसत असताना खाली एक ओळ आली. 'जनावर चालवून दाखवा.'

मला वाटलं, गडी ग्रुप चुकला. मी फोन लावला. "डाक्टर, ती कविता आहे."

"हाव, तेच म्हणून राहिलो. उभ्या जनावराचं काय कळतंय? शिंगाला रंग, गळ्यात घुंगरं, समदंच राजबिंडं दिसतंय. चालवा की. मोठ्यानं वाचून पाठवा."

मी दुकानातला माइक लावून, आवाजात घुमारा भरून कविता पाठवली. पाच मिनिटांत उत्तर: 'पुढचे पाय लई बेस. मागचे दोन लंगडतेत. कापा.' म्हणजे शेवटच्या दोन ओळी. मी आठवडाभर धुमसलो आणि मग गुपचूप कापल्या. त्या दिवशी माझ्या बायकोने लग्नानंतर पहिल्यांदा माझी कविता शेवटपर्यंत ऐकली. एरवी पहिल्या कडव्यालाच तिला मिक्सर लावायची आठवण व्हायची.

डाक्टरांचे अभिप्राय असेच असायचे. विशेषणं जास्त झाली की 'शिंगाला रंग लई झाला.' दुसऱ्याच्या कवितेतली उपमा उचललेली दिसली की 'हे तुमच्या दावणीचं न्हाई.' उदगीरच्या एका गझलकाराला त्यांनी लिहिलं, 'वशिंडात नुस्ती हवा हाय.' त्याने रागाने मोबाइल म्हशीच्या आंबोणात टाकला. म्हैस दोन दिवस आटली असं तो सांगतो. गझल मात्र कायमची आटली, हे मी सांगतो. आणि कधी वर्षातून एखादी कविता खरंच आवडली तर दोनच शब्द: 'घरी न्या.' प्रदर्शनात पहिला आलेल्या वळूच्या मालकाला ते तेवढंच म्हणायचे म्हणे. ते दोन शब्द मला कधी मिळाले नाहीत. माझ्या दुकानातली सगळी सन्मानपत्रं मी त्यांच्यावरून ओवाळून टाकली असती.

पण एकदा फार झालं. चाकूरच्या नंदाताई बिराजदार, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. त्यांची आई गेली आणि आठवडा उलटायच्या आत त्यांनी आईवर कविता टाकली. सगळा ग्रुप रडत होता. त्यात डाक्टर: 'ताई, ह्यात आई कुठं हाय? अशा आया समद्याच कवितेत असतेत. तुमच्या आईची एखादी खोड सांगा.'

कदम सर भडकले. 'डॉक्टर, काही माणुसकी?'

'माणुसकी हाय म्हणूनच विचारून राहिलो. एक बाई कायमची गेली अन् तिच्या जागी भलतीच बाई उभी केली तुम्ही.'

त्या दिवसापासून नंदाताईंची कविता आली नाही. ग्रुपमध्ये नाव तेवढं राहिलं.

गेल्या वर्षी डाक्टरांना घास गिळेना. अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला. मला ते शायर म्हणायचे. मी फोन केला तर म्हणाले, "हाव शायर, पाव्हणा आलाय. बॅगा बघून वाटतंय मुक्कामाचाच हाय." कदम सरांनी ग्रुपवर त्यांचा फोटो टाकला, वर 'लवकर बरे व्हा' असं लिहून, माझ्याच पानाफुलांच्या चौकटीत. वर लिहिलेलं आमच्याकडे कोण वाचतो? फुलांतला फोटो पाहिला आणि लोकांनी धडाधड 'भावपूर्ण श्रद्धांजली' वाहायला सुरुवात केली. 'मराठवाड्याचा आधारवड कोसळला' इथपर्यंत मजल गेली. संध्याकाळी खुद्द आधारवडाचा मेसेज आला: 'जित्या जनावराचा पंचनामा करून राहिलात की!' त्या दिवशी आम्ही पोट धरून हसलो. नंतर फारसं हसायला मिळालं नाही.

केमोच्या दुसऱ्या फेरीनंतर डाक्टरांनी आयुष्यातली पहिली कविता ग्रुपवर टाकली. बायकोवर. शांताबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. चार कडवी होती, त्यातलं दुसरं असं:

फिरतीच्या माझ्या नोकरीत
उंबऱ्याशी तू समई झालीस,
तक्रारीचा एक शब्द न काढता
आयुष्यभर जळत राहिलीस.

ग्रुप कोसळला त्या कवितेवर. अप्रतिम, नि:शब्द, अश्रू अनावर. डाक्टरांनी लिहिलं, 'हे बस झालं. आता दोष काढा.' कुणी काढेना. कदम सर म्हणाले, 'या कवितेत दोष काढणारा जन्माला यायचाय.' डाक्टरांनी पुन्हा लिहिलं, 'हात जोडतो. एकानं तरी दात बघा.' त्यावर सगळ्यांनी हात जोडलेली चित्रं पाठवली.

मग मला फोन. "शायर, तुमी तर सांगा."

"मला तर लई आवडली डाक्टर."

"प्रदर्शनात मालक मेलेलं जनावर आणत न्हाईत. आणलं तर त्याचे दात कोण बघंल? म्हंजी तुमी समद्यांनी मला मेल्यात धरलंय."

आणि खरंच धरलं होतं.

"एक माणूस हाय," ते म्हणाले. "चाकूरच्या ताई. त्यांचा राग हाय माझ्यावर. त्यांना आणा."

नंदाताईंना फोन केला तर आधी म्हणाल्या, "मी त्या माणसाचं तोंड बघणार नाही." मग म्हणाल्या, "कविता पाठवा." आणि रविवारी लातूरच्या स्टँडवर उतरल्या. मी त्यांना रिक्षात बसवलं. वर्गात छडी घेऊन जावं तसा चेहरा. मला बरं वाटलं. आज डाक्टरांचं काम होणार.

डाक्टरांना पाहिलं आणि छडी गळून पडली. ज्या हाताने त्यांनी वळूंच्या वेसणी ओढल्या तो हात चादरीवर वाळत घातल्यासारखा पडला होता. नंदाताई खुर्चीच्या टोकावर बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "छान आहे कविता, डॉक्टर."

डाक्टरांनी तोंड भिंतीकडे केलं आणि मुलीला हाक मारली. "सुजाता, ताईंना चहा दे. शायर, मग स्टँडवर सोडून या त्यांना." असा पराभव मी त्या माणसाच्या आवाजात कधी ऐकला नव्हता.

चहा आला. नंदाताईंनी कप हातात घेतला, तोंडाला लावला नाही. "समई कुठून आणली?" त्या एकदम म्हणाल्या.

भिंतीकडची मान वळली. "काय?"

"तुमच्या घरात समई होती कधी?"

"न्हाई. आमच्यात कशाला असंल?"

"आमच्याकडं आहे. रोज मी घासते. तेलानं चिकटते, काजळी धरते, बोटं काळी होतात, आणि पडली की पायावर पडते. तुम्हाला माहीतच नाही समई म्हणजे काय. दुसऱ्याच्या कवितेतली उचलली आणि बायकोला समई करून मोकळे झालात!"

डाक्टर कोपरावर उठले. मी आधार द्यायला गेलो तर मला हाताने मागे सारलं. "पुढं बोला."

"तक्रारीचा एक शब्द काढला नाही म्हणता. काढला नाही, का तुम्ही ऐकला नाही?"

"ताई, बस करा ना," दारातून सुजाता म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता.

"बोलू दे त्यांना. लई दिसानं कुणीतरी मला जिता समजून राहिलंय."

"या कवितेत तुमची बायकोच नाही, डॉक्टर. चारी कडव्यांत नुसते तुम्हीच आहात."

डाक्टर हसले नाहीत, चिडले नाहीत. त्यांच्या चेहऱ्याचा रंग मात्र गेला. मागितलेली गोष्ट मिळाली होती आणि ती कवितेला लागून थांबली नव्हती. कोपरावरच टेकून म्हणाले, "बराबर हाय." आणि मग, "पुन्हा करून पाठवू का? बघाल?"

"बघीन. पण गोड बोलणार नाही."

तिथून ते दोघं भिडले. डाक्टर ओळी म्हणून पाठवायचे, ताई उलट पाठवायच्या, आणि साक्षीदार म्हणून दोन्हीकडचं मला यायचं. 'समई काढली.' 'मग तिथं काय आहे?' 'काहीच न्हाई.' 'मग राहू द्या मोकळं.' डाक्टरांचा आवाज दर वेळी बारीक होत गेला, ताईंचा मात्र जराही मऊ झाला नाही. चारी कडवी गेली. त्यांच्या जागी एक आठवण आली. गाय अडली की डाक्टरांना अवेळी बोलावणं यायचं, हात आत घालून वासरू फिरवायचं, आणि मग तसंच माखून घरी. दारात शांताबाई हातावर पाणी घालायच्या. ते ऐकून ताईंनी पाठवलं: 'आता बाई दिसायला लागली. पण अजून बोलत नाही.'

त्या दिवशी डाक्टरांनी मला फोन केला. बोलणं कष्टाचं झालं होतं. "शायर, ती बोलली होती. एकदा म्या विचारलं, वास येतो का गं? तवा ती कायतरी म्हणाली. म्या दारात उभ्या उभ्या हसलो होतो, येवढं ध्यानात हाय. काय म्हणाली ते आठवून न्हाई राहिलं."

"मग मनानं घाला काहीतरी. कोण तपासायला येतंय?"

"तुमी फ्लेक्स छापता, शायर. तुमाला चालतंय."

त्यांनी सुजाताला विचारलं. ती तेव्हा पाळण्यात होती. किल्लारीच्या मेहुणीला फोन लावायला लावला. ती बिचारी म्हणाली, "दाजी, तुमचं दोघांचं बोलणं मला कसं ठावं?" मग ते कुणालाच विचारेनासे झाले. सुजाता सांगते, शेवटी शेवटी दुखण्याबद्दल बोलणं त्यांनी सोडलं होतं. डोळे मिटून कपाळाला आठ्या घालून पडायचे, कुणीतरी शेजारच्या खोलीत हळू बोलतंय आणि ते नीट ऐकू येत नाहीये, तसे. त्याच आठ्या घेऊन गेले.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आम्ही नांदेडहून गाडी करून गेलो. त्रिशरण, पंचशील झालं. कदम सरांनी मोठी फ्रेम आणली होती, मरणोत्तर सन्मानपत्राची. ते उभे राहिले, दोन मिनिटं गहिवरले आणि खिशातून कागद काढून जुनीच कविता वाचू लागले. समईशी पोचले तोच बायकांच्या बाजूने आवाज आला.

"सर, थांबा. ते त्यांनी काढून टाकलंय."

नंदाताई उभ्या होत्या. कदम सर दबक्या आवाजात म्हणाले, "ताई, ही वेळ आहे का?"

"त्यांनी मरणाच्या दारात बसून खोडलेलं तुम्ही वाचताय. मग कोणती वेळ?"

लोक एकमेकांकडे बघायला लागले. पहिल्या रांगेतून सुजाता म्हणाली, "ताई, तुम्ही वाचा."

"पुरी झाली नाही ती."

"असू दे. आहे तेवढी वाचा."

नंदाताई पुढे आल्या. मोबाइल डोळ्यांजवळ धरला आणि कुठलाही घुमारा न देता, हजेरी घ्यावी तशा वाचू लागल्या.

खांद्यापर्यंत माखलेला हात घेऊन
पहाटे मी दारात उभा राहायचो.
तू पाणी घालायचीस, तोंड वळवून.
एकदा विचारलं, वास येतो का गं?
तांब्या तसाच धरून
तू म्हणालीस

ताई थांबल्या. मोबाइल खाली घेतला. पण जागेवर गेल्या नाहीत, तिथंच उभ्या राहिल्या. आणि पहिल्या रांगेत सुजाता मान उंच करून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली, आई आता काय म्हणते म्हणून.